टाकाऊ पत्र्याची फुले
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या चालकांनी ‘या वर्षी एखाद्या गृहोपयोगी विषयावर चार शब्द बोला’ अशी आज्ञा आम्हांस केली. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले प्राथमिक शिक्षक. आमचा जन्म फळा, खडू आणि मुले यांच्या सहवासात गेला. गहन विषयांवर प्रवचन करण्याचा आमचा अधिकार नाही. तेव्हा ज्या कामाला आमचा स्वतःचा हात लागलेला आहे, तेच आपणांपुढे मांडावे असे आम्ही ठरविले. ते काम म्हणजे घरातील रिकामे डबे, बुचे, तारेचे तुकडे अशा टाकाऊ वस्तूंपासून धातूची शोभिवंत फुले तयार करणे.

विषयाचे नाव ऐकताच काही वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी उमटलेली आम्हांस येथून दिसते. त्यांच्या मनातील प्रश्न आम्ही ओळखतो. ज्यांच्या पूर्वजांनी तांब्यापितळेचे हंडे, घंगाळी आणि बंब घडविले, ज्यांच्या ज्ञातीच्या नावातच इंद्राचे वज्र घडविणारा त्वष्टा आहे, त्या तांबटांच्या मुलांनी आता तेलाचे डबे कापीत बसावयाचे काय? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याला उत्तर दिल्यावाचून आम्ही पुढे जाणार नाही.

आमच्या बालपणी आळीत पहाटेपासून ठोक्यांचा आवाज सुरू होत असे. शाळेत पाढे म्हणताना आमची मान त्या ठेक्यावर डोलत असे, असे आमचे वडील थट्टेने म्हणत. पुढे स्टेनलेस स्टीलची आणि ॲल्युमिनियमची भांडी घरोघर आली. पाणी तापविण्यासाठी गॅस आणि विजेची उपकरणे आली आणि बंब माळ्यावर गेला. मुले शिकली, बँकांत, कारखान्यांत, कचेऱ्यांत लागली. ही आनंदाचीच गोष्ट आहे. आम्ही स्वतः त्याच वाटेने मास्तर झालो. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी आजही त्या नावाने ओळखली जाते आणि तेथे अजून काही हात चालू आहेत, हे आपले भाग्य. परंतु या सभागृहात बसलेल्या तरुणांपैकी किती जणांनी आयुष्यात एकदा तरी पत्र्यावर हातोडा मारला आहे, असा प्रश्न विचारला तर किती हात वर होतील, हे आपण मनाशीच पाहावे.

आता कोणी म्हणेल, ‘मग मुलांना तांबेच द्या की!’ येथेच खरी अडचण आहे. तांबे महाग. नवशिक्याने त्याचा एक पत्रा बिघडविला तर बापाचा जीव वरखाली होतो आणि मुलाचा हात आखडतो. आम्ही पहिलीच्या वर्गात मुलांना अक्षर गिरवावयास देत असू ते पाटीवर. पाटीवरचे चुकले तर पुसता येते, त्याचा कोणाला खेद होत नाही. हात वळल्यावर मग वही. टाकाऊ पत्रा ही तांबटाच्या मुलाची पाटी आहे, असे आमचे म्हणणे आहे. शीतपेयाचा एक रिकामा डबा कापताना वाकडा गेला, तर दुसरा घ्यावा. त्याला मोल नाही. परंतु कापणे, वळविणे, खोलगट करणे, छिद्र पाडणे, जोडणे ही जी पाच कामे त्यावर शिकावयाची, तीच पाच कामे हंड्यातही आहेत.

शिवाय धातूचे फूल ही आपल्याकडे काही नवलाची वस्तू नाही. आपल्या आयाबहिणींच्या दागिन्यांची नावेच पाहा. बकुळहारात बकुळीचे फूल आहे, चाफेकळीत चाफ्याची कळी आहे, अंबाड्यात खोवावयाचे सोन्याचे फूल तर नावानेच फूल आहे. देवाला चांदीच्या दूर्वा आणि चांदीचे जास्वंद वाहतात. उमललेले फूल संध्याकाळी कोमेजते. ते कोमेजू नये अशी माणसाची इच्छा सोन्याचांदीने पुरी केली. ज्याच्यापाशी सोने नाही, त्याने ती पत्र्याने पुरी करावी. त्यात कमीपणा तो कसला?

इतके बोलून आम्ही प्रत्यक्ष कामाकडे वळतो.

प्रथम साहित्य. सर्वांत सोयीचा तो शीतपेयाचा डबा. हा ॲल्युमिनियमचा असून त्याची भिंत सुमारे एक दशांश मिलिमीटर एवढीच जाड असते. घरातील जुनी कात्रीही तो कापते. दुसरा तेलाचा चौकोनी डबा. याला आपण ‘पत्र्याचा डबा’ म्हणतो. वस्तुतः तो पातळ पोलादाचा पत्रा असून त्यावर कथलाचा अतिशय पातळ मुलामा दिलेला असतो. कल्हईशी ज्यांच्या घराण्याचा संबंध आला आहे, त्यांस कथलाची ओळख निराळी करून द्यावयास नको. हा पत्रा जाड व ताठ असल्याने त्याला पत्रा कापण्याची कात्रीच पाहिजे. तिसरी तांब्याची तार. घरात विजेचे काम झाले की वायरमन तुकडे टाकून जातो, ते जपून ठेवावे. जळालेल्या पंख्याच्या मोटारीतही तांब्याची तार निघते. परंतु तिच्यावर रोगणाचा थर असतो, तो जाळू नये, कागदी कानसपट्टीने खरवडून काढावा. चौथे, काचेच्या बाटल्यांची पत्र्याची बुचे. या बुचाच्या कडेला २१ दाते असतात. मुलांनी घरी जाऊन मोजून पाहावेत. आणि पाचवे, ज्यांच्या माळ्यावर चिरलेली तांब्याची ताटली किंवा फुटक्या पितळी डब्याचे झाकण पडले असेल, त्यांनी ते शेवटच्या धड्यासाठी राखून ठेवावे.

हत्यारे फार लागत नाहीत. कात्री, पक्कड, एक छोटी हातोडी, खिळा, कानस, कंपास आणि कोनमापक. कंपासपेटी प्रत्येक शाळकरी मुलाच्या दप्तरात असतेच. पाकळीवर शिरा उठविण्यासाठी शाई संपलेले बॉलपेन उत्तम. खाली वर्तमानपत्राची जाड घडी किंवा सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा ठेवावा आणि पत्र्याच्या मागील बाजूने रेघ दाबून ओढावी. पुढे ती उठून दिसते. ठशाचे काम करणारा कारागीर पत्र्याखाली राळ घेतो, त्याचे हे घरगुती रूप समजावे. पाकळी खोलगट करण्यासाठी जुन्या पायमोज्यात वाळू भरून तोंड घट्ट बांधावे. या पिशवीवर पत्रा ठेवून हलक्या हाताने ठोकला असता तो आपोआप वाटीसारखा दबतो. हंड्याचा तळ खोलगट करताना आपले पूर्वज जे करीत, त्याचेच हे बालरूप.

आता जे सांगतो ते मुलांनी आणि त्यांच्या आयांनी विशेष लक्ष देऊन ऐकावे. कापलेल्या पत्र्याची कड वस्तऱ्यासारखी असते. हातात जाड मोजे घातल्यावाचून व डोळ्यांवर चष्मा असल्यावाचून कापू नये. कापल्यावर प्रत्येक कड कानसेने बोथट करावी. बारीक कपचे जमिनीवर राहू देऊ नयेत, घरात रांगणारी मुले असतात. खाली चादर अंथरून बसावे आणि शेवटी ती घराबाहेर झटकावी. फवाऱ्याचे डबे, मग ते डास मारण्याच्या औषधाचे असोत की सुगंधाचे, रिकामे वाटले तरी कधीही कापू नयेत व तापवू नयेत. आत दाब राहिलेला असतो आणि डबा फुटतो. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, म्हणजे बादलीचा किंवा छपराचा, विस्तवावर धरू नये. जस्ताच्या धुराने थंडीताप भरतो. खाद्यपेयांच्या डब्यांना आतून रोगणाचा पातळ लेप असतो, तोही जळला की उग्र वास सुटतो. सबब असे डबे थंडच वापरावेत. दहा वर्षांखालील मुलांनी शिरा ओढणे, पाकळ्या वळविणे, रंग देणे एवढेच करावे. कात्री मोठ्यांच्या हाती असावी.

आता फूल. आम्ही मुलांना नेहमी सांगत आलो की, प्रथम खरे फूल तोडून आणा, ते हातात घ्या आणि पाकळ्या मोजा. बाजारात कागदाची व प्लॅस्टिकची जी फुले मिळतात, त्यांतील पुष्कळशी मनाने बनविलेली असतात. कोणत्याच झाडाला ती फुले येत नाहीत. आपण तसे करू नये. पारिजातक घ्या. त्याला पाच ते आठ पाकळ्या असतात, त्या भिंगरीप्रमाणे एकाच दिशेला किंचित वळलेल्या असतात, प्रत्येकीच्या टोकाला लहानशी खाच असते आणि देठ केशरी असतो. पांढरी पाकळी व केशरी देठ! ॲल्युमिनियम पांढरे आहे आणि तांबे केशरी आहे. जणू हे फूल आपल्या दोन धातूंसाठीच जन्माला आले आहे.

शीतपेयाचा डबा धुऊन वाळवावा. वरच्या व खालच्या टोकापासून दोन बोटे अंतर सोडून खिळ्याने छिद्र पाडावे, त्यात कात्री घालून दोन्ही टोके कापून काढावीत आणि मधली नळी उभी चिरून सपाट करावी. टेबलाच्या कडेवरून उलट दिशेने ओढली की तिचा बाक जातो. आतली रुपेरी बाजू वर ठेवावी. कंपासमध्ये दीड सेंटिमीटर अंतर घेऊन वर्तुळ काढावे आणि तेच अंतर न बदलता वर्तुळाच्या परिघावर खुणा करीत जावे. बरोबर सहा खुणा होऊन सातवी पहिलीवर येऊन बसते. त्रिज्या परिघावर सहा वेळा बसते, हा भूमितीचा नियम कित्येक मुले पाठ करून विसरतात. एकदा त्याचे फूल केले की जन्मभर विसरत नाहीत. या सहा खुणांवर सहा पाकळ्या आखाव्या, मध्ये चार मिलिमीटरचे वर्तुळ अखंड ठेवावे आणि पाकळ्यांमधील भाग कापून टाकावा. टोकाला खाच द्यावी. बॉलपेनने मधली शीर ओढावी. मध्यभागी लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून खिळ्याने छिद्र पाडावे. मग प्रत्येक पाकळी पकडीने नव्हे, बोटाने, एकाच बाजूला किंचित पिळावी. पकडीचे दात ॲल्युमिनियमवर कायमचे उमटतात.

देठासाठी तांब्याची तार घ्यावी. टोकाला तिचे बारीक वेटोळे करावे; हा पारिजातकाचा केशरी डोळा. तार छिद्रातून खाली ओढून घ्यावी आणि खाली दुसरी बारीक तार तिच्याभोवती सेंटिमीटरभर गुंडाळावी. फूल घट्ट बसते, कोणताही डिंक लागत नाही. अशी शंभर फुले करून एका परातीत पाण्यावर सोडली असता ती तरंगतात काय, हा प्रश्न आम्हांस एका विद्यार्थिनीने विचारला होता. तारेच्या वजनाने ती बुडतात. देठ आखूड ठेवून पाकळ्यांची बशी केली तर काही तरंगतात. हा प्रयोग आपण घरी करून पाहावा.

दुसरे फूल जास्वंद. हे तेलाच्या डब्याच्या पत्र्याचे करावे. याला पाकळ्या पाच. आता कंपासची युक्ती चालत नाही, कोनमापक घ्यावे लागते. ३६० अंशांचे पाच भाग म्हणजे प्रत्येकी ७२ अंश. पाकळ्या निरनिराळ्या कापून प्रत्येक पाकळी वाळूच्या पिशवीवर खोलगट करावी, कडेला हलके ठोके देऊन लाटा आणाव्या आणि प्रत्येक पाकळीची एक कड शेजारणीच्या खाली व दुसरी कड वर अशी रचना करावी. मधला लांब केसरदांडा तारेचा. त्याच्या टोकाकडील अर्ध्या भागावर बारीक तारेच्या अनेक लहान पिळ्या बसवाव्या आणि अगदी टोकाला पाच ठिपके करावे. पाकळ्या पाच आणि टोकाचे ठिपकेही पाच! खऱ्या जास्वंदीत हे पाच ठिपके असतात, परंतु शंभरांतील नव्वद माणसांनी ते आयुष्यात पाहिलेले नसतात. जो करावयास बसतो, त्यालाच ते दिसतात.

पत्र्याच्या पाकळ्या एकमेकींस झाळून जोडता येतात. कथील व शिसे यांचा डाग सुमारे १९० अंश सेल्सिअसला वितळतो, म्हणून साध्या विजेच्या डागणीने काम होते. राळ किंवा नवसागर लावल्यावाचून मात्र डाग धरत नाही, कारण धातूवरचा मळ त्याला आड येतो. शिसे विषारी आहे. खिडकी उघडी ठेवून काम करावे, हात साबणाने धुवावेत. हल्ली बिनशिशाचा डागही मिळतो; घरात मुले असतील तर तोच आणावा. ॲल्युमिनियमला मात्र हा साधा डाग लागत नाही. त्यावर हवेने एक अदृश्य चिवट थर क्षणात येतो. म्हणून ॲल्युमिनियमची फुले तारेने बांधावी, झाळण्याच्या खटपटीत पडू नये.

बाकीच्या फुलांविषयी थोडक्यात सांगतो. झेंडूसाठी दातेरी कडेच्या लहानमोठ्या पाचसहा चकत्या एकावर एक रचाव्या आणि मध्ये बाटलीचे बूच उपडे बसवावे. शेवंतीसाठी पट्टीला कंगव्यासारख्या चिरा देऊन ती गुंडाळावी आणि चिरा बाहेर वळवाव्या. तगर पारिजातकासारखीच, पाकळ्या मात्र पाच आणि देठ हिरवा. बकुळीचे फूल लहान व पाकळ्या पुष्कळ; डोळे शाबूत असतील त्यांनीच तिच्या वाटेस जावे.

फूल झाल्यावर ते टिकले पाहिजे. तेलाच्या डब्याच्या पत्र्याला कापलेल्या कडेवर पोलाद उघडे पडते आणि तेथेच प्रथम गंज धरतो. कथील पोलादाला झाकून असते तोवरच राखते. ओरखडा पडला की त्याच्या शेजारी पोलाद उलट लवकर गंजते. म्हणून त्याच दिवशी रंग किंवा रोगण द्यावे. तांब्याची तार चिंच व मीठ लावून घासावी, धुऊन पुसून घ्यावी आणि तिच्यावर नखांना लावावयाचे बिनरंगी रोगण फिरवावे. मुलींच्या फणीपेटीत ते सापडतेच. केशरी रंग पुष्कळ दिवस टिकतो.

आणि आता आम्ही माळ्यावर राखून ठेवावयास सांगितलेल्या त्या चिरलेल्या ताटलीकडे वळतो. त्यासाठी एक हकीकत सांगणे प्राप्त आहे. ती आपल्याच ज्ञातीतील एका घरातील आहे. नाव घेण्याचे प्रयोजन नाही.

त्या घरातील आजोबा आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांनी तीस वर्षांपूर्वी काम बंद केले. त्यांची हत्यारे गोणपाटात गुंडाळून जिन्याखाली होती. मागील वर्षी घराची दुरुस्ती निघाली, तेव्हा मुलाने भंगारवाल्यास बोलाविले. मुलगा वाईट नव्हे. त्याला जागा हवी होती आणि आजोबांनीही ‘ने बाबा’ असेच म्हटले होते. भंगारवाल्याने गोणपाट उघडले आणि हातोडे काट्यावर घातले. त्यांत मठाराचे तीन हातोडे होते. मठाराच्या हातोड्याचे तोंड आरशासारखे घासलेले असते, कारण त्याचा ठसा तांब्यावर जसाच्या तसा उमटतो. तोंडावर एक चरा असला तरी तो प्रत्येक ठोक्याला दिसतो. ती तोंडे आजोबांनी मेण लावून कापडात बांधून ठेवली होती. तीस वर्षे गंजाचा ठिपका नव्हता. ते सर्व लोखंडाच्या भावाने निघाले होते.

त्या वेळी त्यांची नात, जी अभियांत्रिकीच्या वर्गात शिकते, घरी होती. सुटीत आमच्यापाशी ती पत्र्याची फुले करावयास शिकली होती. तिने एक हातोडा उचलून तोंडावरचे कापड सोडले, आणि ‘हा कशाचा?’ असे आजोबांस विचारले. आजोबांनी उत्तर दिले नाही. ते उठले आणि जिन्याखालीच पडलेली एक चिरलेली तांब्याची ताटली घेऊन आले. त्यांनी तिला विस्तवावर धरले, अंधारात मंद लाल दिसेल इतकी तापविली आणि पाण्यात टाकली. नातीने विचारले, ‘आजोबा, पाण्यात टाकल्यावर ती कडक नाही का होणार? आम्हांला शिकविले आहे.’ आजोबा म्हणाले, ‘ते पोलाद ग. पोलादाला पाणी पाजले की ते ताठते. तांबे तापले की मवाळ होते, मग पाण्यात घाल नाहीतर वाऱ्यावर ठेव.’ मुलीच्या पुस्तकात हे होते. परंतु पुस्तकातील वाक्य आणि हातातील ताटली यांची गाठ त्या दिवशी पडली.

मग तिने त्या ताटलीचे जास्वंद कापले आणि आजोबांनी त्यावर मठार केला. ठोक्याने तांबे घट्ट होते. तोच मठाराचा उद्देश, त्यानेच पातळ हंडाही ताठ उभा राहतो. ठशांवर जो झगमगाट दिसतो, तो त्याबरोबर मिळालेले इनाम. मध्येच पाकळी ताठून चिरू लागली, तेव्हा ती पुन्हा तापविली. ‘तांब्याचे बोलणे कानाने ऐकावयाचे,’ असे आजोबा तिला सांगत होते. मऊ पत्र्याचा ठोका बद्द वाजतो, घट्ट झाला की टणत्कार येतो आणि तोच तापविण्याचा इशारा. हे ज्ञान आम्हांस कोणत्याही पुस्तकात भेटले नव्हते. ते त्या घरात जिन्याखाली तीस वर्षे गप्प बसले होते आणि आणखी अर्ध्या तासात लोखंडाच्या भावाने गेले असते. भंगारवाला बिचारा दारात उभा होता. त्याला जुनी खिडकीची गजे देऊन वाटेस लावले.

बंधुभगिनींनो, आमच्या व्याख्यानाचे सार एवढेच आहे. ती मुलगी पत्र्याची फुले शिकली नसती, तर हातोडा पाहून तिला प्रश्न पडला नसता. आणि प्रश्न पडला नसता, तर आजोबा उठले नसते. वडीलधारी माणसे आपण होऊन सांगत नाहीत. ‘याचा आता काय उपयोग’ असे त्यांस वाटते. त्यांना कोणीतरी विचारले पाहिजे, आणि विचारावयास विचारणाऱ्याच्या हाताला थोडी खाज असली पाहिजे. पत्र्याचे फूल ती खाज उत्पन्न करते. पूर्वी मुलीच्या हाती हातोडा देत नसत. ज्या घरातून मुलगे बाहेर पडले, त्या घरातील विद्या मुलीने उचलली तर ती विद्या बाटत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

यातून पोट भरेल काय? नाही, असेच आम्ही सांगू. एका पारिजातकाला नवशिक्याचा अर्धा तास जातो. त्या अर्ध्या तासाची मजुरी धरून किंमत सांगितली तर घेणारा हसतो आणि न धरता सांगितली तर करणारा रडतो. फावल्या वेळात गौरीगणपतीच्या सजावटीची मागणी घेऊन कोणा भगिनीने चार पैसे मिळविले तर उत्तमच. २०१८ साली महाराष्ट्रात थर्मोकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हापासून लोक दुसऱ्या साहित्याच्या शोधात आहेत, ही गोष्ट खरी. सणाच्या आठवड्यात खऱ्या फुलांचे भाव कसे चढतात, तेही आपण जाणता. धातूची फुले पुसून पेटीत ठेवली की पुढील वर्षी पुन्हा उपयोगी पडतात आणि मोडली तरी भंगारात त्यांचे पुन्हा पाणी होते. परंतु पूजेला मात्र अंगणातील ताजे फूलच वाहावे. मखराला पत्र्याचे, देवाला झाडाचे, अशी आम्ही आमच्या घरी वाटणी केली आहे.

शेवटी मंडळाच्या चालकांस तीन विनंत्या करतो. पहिली, पुढील संमेलनात सकाळचे दोन तास या कामास द्यावेत. प्रत्येक कुटुंबाने एक रिकामा डबा व एक कात्री आणावी, वर्गणी नको. दुसरी, त्या दोन तासांत ज्ञातीतील जुन्या कारागिरांस सन्मानाने बोलवावे. शाल आणि नारळ देऊन त्यांना व्यासपीठावर बसवू नये. मुलांच्या मध्ये सतरंजीवर बसवावे आणि त्यांच्या हातात हातोडा द्यावा. तिसरी विनंती मंडळास नसून आपणां सर्वांस आहे. ज्यांच्या घरी जिन्याखाली, माळ्यावर, पडवीत वडिलांची किंवा आजोबांची हत्यारे असतील, त्यांनी ती विकण्यापूर्वी एकदा सोडून पाहावीत. जागा नसेल तर मंडळास कळवावे. मंडळाच्या कचेरीत एक कपाट त्यांच्यासाठी करता येईल, आणि त्या कपाटाची किल्ली शिकणाऱ्या मुलामुलींच्या हाती राहील अशी व्यवस्था ठेवता येईल. त्या कपाटासाठी पहिली हत्यारे देण्याचे त्या आजोबांनी आम्हांस कबूल केले आहे. मठाराचे तीन हातोडे मात्र मिळणार नाहीत. ते नातीने वसतिगृहात नेले आहेत.

असो. जेवणाची वेळ झाली आहे आणि पाकघरातून वास येऊ लागला आहे. अशा वेळी लांबण लावणे बरे नव्हे, हे चाळीस वर्षे शाळेची घंटा ऐकलेल्या माणसास कळते. बाहेर मेजावर आमच्या विद्यार्थ्यांनी केलेली फुले मांडली आहेत. ती आपण अवश्य हातात घेऊन पाहावीत, पाकळ्या मोजाव्यात, आणि काही उणे दिसल्यास ते मुलांस प्रेमाने सांगावे.